जपानी म्युझिक कुठून सुरू करायचं? एका बेस वाजवणाऱ्याच्या मागोमाग जा

प्रश्न असा आहे की अ‍ॅनिमेची गाणी आवडतात, प्लास्टिक लव्ह हे जुनं जपानी गाणं शंभरदा ऐकून झालंय, आता पुढे जायचंय, पण जे-पॉप म्हणजे जपानी पॉप, इंडी रॉक म्हणजे मोठ्या कंपन्यांबाहेरचे बँड, इलेक्ट्रॉनिक अशा वेगवेगळ्या प्लेलिस्ट लावल्या की सगळं तुटक वाटतं, कशाचा कशाशी संबंध लागत नाही. आणि भाषा येत नसताना हे ऐकण्यात काही अर्थ आहे का, असंही विचारलंय.

मी कीबोर्ड वाजवतो आणि मिक्सिंग करतो, 20 वर्षं होत आली, त्यातली 6 टोकियोत गेली. तिकडे गेलो तेव्हा माझीही हीच अवस्था होती, प्लेलिस्टवर प्लेलिस्ट ऐकायचो आणि हाताला काही लागायचं नाही. मग मी ज्या छोट्या स्टुडिओत काम करायचो तिथल्या एका वयस्कर इंजिनियरनी मला सांगितलं की गायकाचं नाव सोड, सीडीच्या आतलं पुस्तक उघड आणि बारीक अक्षरात कोण कोण आहे ते वाच. तेव्हा जुन्या सीडी सेकंडहँड दुकानांत शंभर-सव्वाशे येनला मिळायच्या, मी दर रविवारी पिशवी भरून आणायचो आणि रात्री बसून नावं वाचायचो. दोन-तीन महिन्यांत चित्र पार बदललं. तर माझं उत्तर एवढंच आहे, प्रकाराच्या मागे जाऊ नका, माणसांच्या मागे जा, आणि एकच माणूस निवडायचा असेल तर हारुओमी होसोनो. बेस वाजवणारा माणूस. जन्म 1947 चा. पॉप, रॉक आणि इलेक्ट्रॉनिक या तुमच्या तिन्ही प्लेलिस्ट या एका माणसाच्या आसपास येऊन जुळतात.

क्रेडिट वाचायला तीन शब्द पुरतात. साकुशी म्हणजे शब्द कोणाचे, साक्क्योकु म्हणजे चाल कोणाची आणि हेन्क्योकु म्हणजे अरेंजमेंट कोणाची, कुठलं वाद्य कुठे काय वाजवेल हे कोणी ठरवलं. हा तिसरा शब्द सगळ्यात महत्त्वाचा आहे. जपानमध्ये साध्या सिंगलवरसुद्धा अरेंजरचं नाव गीतकार-संगीतकाराच्या रांगेत छापतात. आपल्याकडे मुंबईच्या फिल्म म्युझिकमध्ये गोव्याहून आलेल्या सेबॅस्टियन डिसूझांसारख्या माणसांनी केवढ्या अरेंजमेंट लिहिल्या, मराठीत अनिल मोहिले होते, पण रेकॉर्डच्या कव्हरवर ही नावं शोधायला गेलात तर बहुतेक वेळा मिळणार नाहीत. मला हे कायम लागून राहिलंय. तिकडे ते नाव समोर असतं, म्हणून तिकडचं संगीत माणसांवरून शोधता येतं.

आता होसोनो. 1969 च्या सुमारास चौघं एकत्र आले, होसोनो बेसवर, ताकाशी मात्सुमोतो ड्रमवर, एइइची ओताकी गाणारा आणि शिगेरु सुझुकी गिटारवर. बँडचं नाव हॅप्पी एन्ड. त्या काळात जपानमध्ये मोठा वाद चालू होता की रॉक जपानी भाषेत गाता येतं का. युया उचिदा आणि त्यांच्या बाजूचे लोक म्हणत की रॉक इंग्लिशमध्येच गायला पाहिजे, जपानी त्या ठेक्यावर बसतच नाही. आणि हे म्हणणं उगाच नव्हतं, त्यामागे भाषेची खरी अडचण आहे. जपानी भाषा मोराने मोजतात, मोरा म्हणजे आपल्या मात्रेच्या जवळची गोष्ट. आपण टो-कि-यो असं म्हणतो, जपानी माणूस तो-ओ-क्यो-ओ असं चार मोजतो. निप्पोन घ्या, नि-प्-पो-न्, तेही चार, त्यातला शेवटचा न् आणि मधला अडकलेला प् हेसुद्धा स्वतंत्र एकेक धरायचे. आणि प्रत्येक मोराला साधारण एक सूर द्यायची पद्धत. त्यामुळे इंग्लिशमध्ये जेवढ्या सुरांत अख्खं वाक्य बसतं तेवढ्यात जपानीत दोन-तीन शब्दच बसतात, आणि इंग्लिशसारखा एका अक्षरावर जोर द्यायचा प्रकार त्या भाषेत नाही, म्हणून रॉकच्या बॅकबीटवर, म्हणजे दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर जोर देणाऱ्या ठेक्यावर, ते सपाट पडतं.

मात्सुमोतोने काय केलं तर शब्द मुद्दाम कमी आणि साधे लिहिले, रस्ते, ट्राम, वारा, 1964 च्या ऑलिम्पिकच्या बांधकामात पुसलं गेलेलं जुनं टोकियो, आणि गाणाऱ्यांनी ते शब्द मध्येच तोडून, एखादा मोरा ताणून, पुढचा उशिरा टाकून म्हटले. 1971 चा काझेमाची रोमान हा अल्बम ऐका. त्यातलं काझे ओ आत्सुमेते, म्हणजे वारा गोळा करून, हे गाणं तुम्ही कदाचित ऐकलं असेल, 2003 च्या लॉस्ट इन ट्रान्सलेशन सिनेमात आहे. त्या ट्रॅकवर बँडमधले दोघंच आहेत, मात्सुमोतोचे ड्रम आणि बाकी सगळं होसोनो, गाणं, बेस, गिटार, ऑर्गन. आवाज किती खालचा आहे बघा, जणू शेजारी बसून बोलतोय. पुढे ज्या ज्या जपानी इंडी बँडमध्ये असा न ओरडणारा, बोलल्यासारखा आवाज ऐकाल तिथे मला तरी हे गाणं आठवतं.

हॅप्पी एन्ड 1972 च्या शेवटी संपला. आणि इथून खरी मजा आहे, कारण चौघं चार दिशांना गेले आणि त्या चार दिशा म्हणजेच पुढचं जपानी पॉप.

होसोनो सायतामातल्या सायामामध्ये एका भाड्याच्या घरात राहायचा, तिथेच रेकॉर्डिंगचं सामान आणून 1973 मध्ये होसोनो हाउस केला. हेडफोन लावून ऐका, खोली ऐकू येते, ड्रमचा आवाज भिंतीला लागून परत येतो तो कळतो. आणि ठेका नीट ऐका, तो सरळही नाही आणि शफल म्हणजे झोके घेत चालणाराही नाही, दोन्हीच्या मधे कुठेतरी डुलतो. मी हे कीबोर्डवर वाजवायला बसलो तेव्हा आठवडा गेला आणि तरी नीट बसलं नाही, कारण हे कॉम्प्युटरच्या ग्रिडवर मांडता येत नाही, वाजवणारे सगळे एका खोलीत बसले तरच होतं. त्यातलंच एक गाणं ओवारी नो किसेत्सु, ऋतूचा शेवट, हे नाव लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत येतो.

तिथून होसोनो, सुझुकी, ड्रमर तात्सुओ हायाशी आणि कीबोर्डवर मासाताका मात्सुतोया यांचं एक टोळकं झालं, कॅरामेल मामा, पुढे त्याचं नाव टिन पॅन अ‍ॅली. हे लोक दुसऱ्यांच्या रेकॉर्डवर वाजवायचे. त्याच 1973 मध्ये युमी आराई नावाच्या मुलीचा पहिला अल्बम हिकोकी-गुमो आला, त्याच्या मागे हेच चौघं आहेत. पुढे ती मात्सुतोयाशी लग्न करून युमी मात्सुतोया झाली, जपानी पॉपमधल्या सगळ्यात मोठ्या गीतकार-गायिकांपैकी एक. म्हणजे ज्याला आपण इंडी म्हणू तो होसोनो हाउस आणि ज्याला मेनस्ट्रीम पॉप म्हणू तो हिकोकी-गुमो, दोन्ही एकाच वर्षी, त्याच माणसांच्या हातचे.

मात्सुमोतोने ड्रम सोडले आणि पूर्ण वेळ गीतकार झाला, तोसुद्धा आयडॉल गायिकांसाठी, म्हणजे कंपन्यांनी घडवलेल्या तरुण पॉप स्टारसाठी. सेइको मात्सुदा ही 80 च्या दशकातली सगळ्यात मोठी आयडॉल. तिचं 1981 चं काझे ताचिनु, चाल ओताकीची. 1982 चं आकाई स्वीटपी, चाल युमी मात्सुतोयाची, पण दुसऱ्या नावाने दिलेली. 1983 चं तेंगोकु नो किस, चाल होसोनोची. तिन्हीचे शब्द मात्सुमोतोचे. बघा म्हणजे, दहा वर्षांपूर्वी जपानीत रॉक होऊ शकतं म्हणून भांडणारी मंडळी आता देशभर गाजणाऱ्या आयडॉलची गाणी बनवतायत, आणि काम तितकंच मन लावून केलेलं. आयडॉल गाणी म्हणजे हलकं काहीतरी असं समजून लोक ती बाजूला टाकतात, तसं करू नका, तेंगोकु नो किसमधले कॉर्ड कसे सरकतात ते एकदा वाजवून बघा.

ओताकीने स्वतःचं नायगारा लेबल काढलं. त्यावर 1975 मध्ये शुगर बेब नावाच्या बँडचा एकमेव अल्बम आला, त्यात दोन तरुण होते, तात्सुरो यामाशिता आणि ताएको ओनुकी. आता तुम्ही प्लास्टिक लव्हपाशी पोचलात. ते गाणं मारिया ताकेउचीचं, 1984 च्या व्हरायटी अल्बममधलं, शब्द आणि चाल तिचीच, अरेंजमेंट यामाशिताची, जो तिचा नवरा. ड्रमवर जुन आओयामा, बेसवर कोकी इतो, ही यामाशिताची नेहमीची जोडी. मायोनाका नो डोआ घ्या, मिकी मात्सुबाराचं, 1979 चं, जे 2020 च्या शेवटी जगभर व्हायरल झालं. त्यावर ड्रम कोणी वाजवले? तात्सुओ हायाशी. कॅरामेल मामाचाच. ती बिचारी मात्सुबारा 2004 मध्ये 44 व्या वर्षी गेली, तिला यातलं काहीच बघायला मिळालं नाही.

अशा 70-80 च्या दशकांतल्या चकचकीत शहरी गाण्यांना सिटी पॉप म्हणतात. ते मला आवडतं, पण सुरुवात म्हणून मी ते कोणाला सुचवत नाही. कारण प्लेलिस्टमध्ये ते समुद्र, गाडी, निऑन असं एकाच रंगाचं होऊन जातं आणि पन्नासावं गाणं पहिल्यासारखंच लागतं. यामाशिताचा 1982 चा फॉर यू हा अख्खा अल्बम ऐका, पहिल्या गाण्यातली तुटक ठेक्यात वाजवलेली गिटार ऐकून कोणताही गिटारवाला खुर्चीतून उठेल. त्याने आपलं काम वर्षानुवर्षं स्ट्रीमिंगपासून लांब ठेवलंय, त्यामुळे सीडी किंवा रेकॉर्ड शोधावी लागते, पण शोधा.

कॉर्डचा विषय निघालाच आहे तर सांगतो, कारण अ‍ॅनिमेची गाणी ऐकून अनेकजण विचारतात की यात असं गोड-दुखरं काय आहे. जपानी संगीतकार एका प्रोग्रेशनला ओदो शिन्को म्हणतात, म्हणजे राजमार्ग. सी पट्टीत एफ, जी, ई मायनर, ए मायनर. सुरुवात सा पासून नाही, मध्यमापासून होते, आणि चार कॉर्ड संपले तरी सा वर घर मिळत नाही, परत मध्यमावर जाऊन फिरायला लागतो. म्हणजे सम सारखी पुढे ढकलली जाते. दुसरं आहे मारुसा शिन्को, शीना रिंगो या गायिकेच्या 1999 मधल्या मारुनोउची सॅडिस्टिक गाण्यावरून पडलेलं नाव, एफ मेजर सेव्हन, ई सेव्हन, ए मायनर, मग जी मायनर आणि सी सेव्हनवरून परत एफ. हे मुळात अमेरिकन सोल-जॅझमधलं, पण तिकडे इतकं मुरलंय की योआसोबी या आजच्या जोडीच्या योरु नी काकेरुमध्येही तेच ऐकू येतं. ही दोन प्रोग्रेशन हार्मोनियमवर जरी दाबून बघितली तरी तुमच्या आवडीची निम्मी अ‍ॅनिमे गाणी ओळखू यायला लागतील. आणि गाण्याची रचना बघा, ए-मेलो, बी-मेलो, साबी अशा तीन पायऱ्या असतात, साबी म्हणजे आपला मुखडा म्हणा. बी-मेलोचं काम फक्त साबीसाठी जीव टांगणीला लावायचं, हे काम जपानी अरेंजर जेवढ्या निगुतीने करतात तेवढं मी दुसरीकडे फार कमी ऐकलंय.

आता इलेक्ट्रॉनिक. 1978 मध्ये होसोनोने र्‍युइची साकामोतो आणि युकिहिरो ताकाहाशी यांना बरोबर घेऊन यलो मॅजिक ऑर्केस्ट्रा काढला, वायएमओ. तिघांची नावं सगळ्यांना माहीत असतात, चौथं नाव क्रेडिटमध्ये सापडतं, हिदेकी मात्सुताके. हा इसाओ तोमिता या सिंथेसायझरच्या उस्तादाकडे शिकलेला माणूस, वायएमओचा प्रोग्रामर. रोलंड या जपानी वाद्य कंपनीचं एमसी-8 नावाचं, सिंथेसायझरला सूर पुरवणारं मशीन 1977 मध्ये आलं होतं, किंमत 12 लाख येन, आणि त्यात सूर टाकायला पियानोच्या पट्ट्या नव्हत्या, कॅल्क्युलेटरसारखी आकड्यांची बटणं. प्रत्येक सुराला उंची किती, लांबी किती, त्यातला किती वेळ वाजायचा, सगळं आकड्यांत. वीज गेली की मेमरी गेली, मग कॅसेटवरून परत भरायचं. हे घेऊन ते लोक स्टेजवर जायचे. आणि मशीन आपला वेग माणसासाठी बदलत नाही म्हणून ताकाहाशी हेडफोनमध्ये क्लिक, म्हणजे ठेक्याची टकटक, ऐकत ड्रम वाजवायचा. आज लग्नाच्या ऑर्केस्ट्रातला ड्रमरसुद्धा क्लिकवर वाजवतो, तेव्हा ही गोष्ट नवी होती.

1979 च्या सॉलिड स्टेट सर्व्हायव्हरमधलं रायदीन ऐका, ताकाहाशीची चाल आहे, आणि त्यात ड्रमकडे लक्ष द्या, तो मशीनशी झटापट करत नाही, मशीनच्या अगदी शेजारून चालतो. बिहाइंड द मास्क ही त्याच अल्बममधली साकामोतोची चाल, ती मायकल जॅक्सनने घेतली, एरिक क्लॅप्टननेही गायली. 1981 चे बीजीएम आणि टेक्नोडेलिक हे दोन अल्बम मात्र लोक टाळतात कारण त्यात उड्या मारणारी गाणी नाहीत. मला विचाराल तर वायएमओचं सगळ्यात खोल काम तेच. टेक्नोडेलिकसाठी रेकॉर्ड कंपनीच्या एका इंजिनियरने खास सॅम्पलर बनवून दिला होता, त्यावर त्यांनी साधे आवाज, माणसांचे तुकडे घेऊन ताल बांधले, तेही सॅम्पलिंग हा शब्द सगळीकडे पसरायच्या आधी. 2023 च्या जानेवारीत ताकाहाशी गेला आणि मार्चमध्ये साकामोतो. त्या वर्षी मी कामाची वेळ सोडली तर या दोघांशिवाय दुसरं काही ऐकलं नाही.

आणि इथे आपला संबंध येतो. वायएमओचा पहिला अल्बम यायच्या आधी, त्याच 1978 मध्ये होसोनो चित्रकार तादानोरी योकोओबरोबर भारतात आला होता, पोट बिघडून चांगला आजारी पडला, आणि परत जाऊन कोचीन मून नावाचा अल्बम केला, न बनलेल्या एका भारतीय सिनेमाचं जणू संगीत. सगळं सिंथेसायझरवर, साकामोतो आणि मात्सुताके दोघंही आहेत. पहिली तीन गाणी हॉटेल मलबार या नावाची. त्यात सितार-तबला चिकटवलेला नाही, म्हणून मला ते आवडतं, त्यात आहे ती ताप चढलेल्या माणसाला ऐकू येणारी गरम रात्र, किडे, पाणी, लांबून येणारा आवाज.

दुसरीकडे मुंबईत चरणजीत सिंग, फिल्म स्टुडिओत वाजवणारा माणूस, त्याने रोलंडची टीआर-808, टीबी-303 आणि ज्युपिटर-8 ही जपानी मशीन घेऊन 1982 मध्ये दहा रागांचा डिस्को अल्बम केला, त्या वेळी कोणी विचारलं नाही आणि वीस-पंचवीस वर्षांनी जगभरचे डीजे तो शोधायला लागले. आणि याच्याही मागे जायचं तर आपल्या मिरवणुकीतला बँजो. गणपतीत बँजो पार्टी जे टाइपरायटरसारख्या बटणांचं वाद्य वाजवते तो बुलबुल तरंग, आणि त्याचं मूळ म्हणजे ताइशो-गोतो, 1912 मध्ये नागोयात गोरो मोरिता यांनी बनवलेलं. लालबागच्या गल्लीत जो आवाज ऐकत आपण मोठे झालो त्याची जननी नागोयाची आहे, हे मला टोकियोत एका म्हाताऱ्या बाईंच्या घरी ते वाद्य बघून कळलं, आणि अंगावर काटा आला होता.

भाषेच्या प्रश्नाचं उत्तरही इथेच देतो. भाषा न कळता काय कळतं? तुमचा कान मराठी आहे, तो बऱ्याच गोष्टी आधीच ओळखतो. जपानी पॉपमध्ये फार जुनी एक पट्टी, म्हणजे सुरांचा संच, आहे, योना-नुकी, म्हणजे चौथा आणि सातवा सूर वगळलेली. सा रे ग प ध. हा आपला भूप झाला की नाही? केन्शी योनेझु या आजच्या गायक-संगीतकाराने मुलांसाठी लिहिलेलं 2018 चं पाप्रिका ऐका, चाल बरीचशी त्यात बसते. जुन्या क्योतो-टोकियोच्या गाण्यांतली मियाको-बुशी म्हणजे सा, कोमल रे, म, प, कोमल ध, गुणकलीचे सूर. दक्षिणेकडच्या ओकिनावा बेटांची पट्टी सा ग म प नी, तिलंगाचा आरोह. राग म्हणून ते तसे वागत नाहीत, त्यांना मींड नाही, वादी-संवादी नाही, पण सूर कानाला परके लागत नाहीत. आणि होसोनोने 70 च्या दशकातल्या सोलो अल्बममध्ये ओकिनावाची पट्टी न्यू ऑर्लिन्सच्या ठेक्यावर बसवलीय, ते ऐकताना तर शब्दांची गरजच वाटत नाही. शब्द हवेच असतील तर एका गाण्याचे घ्या, भाषांतर वाचा, आणि ते गाणं महिनाभर ऐका. शंभर गाण्यांची भाषांतरं वाचू नका.

पुढचा धागा. 80 च्या दशकात होसोनो नॉन-स्टँडर्ड नावाचं लेबल चालवायचा. त्यावर 1985 मध्ये एका नव्या बँडचं पहिलं रेकॉर्ड आलं, पिझिकातो फाइव्ह. हाच बँड पुढे 90 च्या दशकात शिबुया-केई म्हणून जे गाजलं त्याचा एक खांब झाला. टोकियोतल्या शिबुया भागात तेव्हा मोठी रेकॉर्ड दुकानं होती, या बँडच्या यासुहारु कोनिशीसारखे लोक तिथे जगभरचे जुने रेकॉर्ड उपसायचे, फ्रेंच पॉप, बोसा नोव्हा, सिनेमाचं संगीत, आणि त्यातून आपलं गाणं शिवायचे. दुसरा खांब फ्लिपर्स गिटार, केंजी ओझावा आणि केइगो ओयामादा. 1991 मध्ये तुटला. ओयामादा कॉर्नेलियस नावाने एकटा काम करायला लागला, 1997 चा फँटास्मा आणि 2001 चा पॉइंट. मिक्सिंग शिकणाऱ्या प्रत्येकाला मी पॉइंट ऐकायला लावतो. डाव्या-उजव्या स्पीकरमध्ये एकेक आवाज कुठे ठेवलाय आणि त्यांच्यामध्ये किती रिकामी जागा सोडलीय ते बघा, पाण्याचा एक थेंब ठेक्याचा भाग होतो. आणि हाच ओयामादा पुढे एकत्र आलेल्या वायएमओबरोबर गिटार वाजवायला उभा राहिला. वर्तुळ परत होसोनोपाशी.

सगळंच मात्र होसोनोतून निघालं असं मी म्हणणार नाही. गिटारवाल्या रॉकची वाट वेगळी आहे आणि ती टोकियोबाहेरून येते. नंबर गर्ल हा बँड फुकुओकाचा, शुतोकु मुकाई ओरडतोय आणि हिसाको ताबुचीची गिटार काचेसारखी कापत जातेय. 1999 चा स्कूल गर्ल डिस्टॉर्शनल अ‍ॅडिक्ट ऐका, रेकॉर्डिंग इतकं उघडं की ड्रमर आहितो इनाझावा तुमच्या खोलीत बसलाय असं वाटतं. सुपरकार आओमोरीचे, 1998 ला विशीच्या आसपासच्या पोरांचा धुरकट गिटारचा थ्री आउट चेंज, आणि चारच वर्षांत 2002 ला हायव्हिजन, जवळजवळ पूर्ण इलेक्ट्रॉनिक. कुरुरी क्योतोचे, त्यांच्या 2001 च्या बारा नो हाना गाण्यात मागे जो मुलीचा आवाज आहे तो सुपरकारच्या मिकी फुरुकावाचा. बघा, इथेही क्रेडिट वाचलं की दोन बँड जोडले गेले.

या बँडचं जग म्हणजे लाइव्ह हाउस, शिमोकिताझावासारख्या भागातल्या तळघरातल्या छोट्या जागा. तिथे नोरुमा म्हणून पद्धत आहे, ठरलेली तिकिटं बँडनेच खपवायची, नाही खपली तर फरक स्वतःच्या खिशातून भरायचा. मी एका बँडबरोबर कीबोर्डवर उभा राहायचो, एकदा समोर अकरा माणसं होती आणि आम्ही पाचजणांनी मिळून पैसे भरले आणि शेवटची लोकल पकडायला पळालो. पण त्या अकरांमधला प्रत्येक जण शेवटपर्यंत उभा होता आणि कोणी गाण्यामध्ये एक शब्द बोललं नाही.

फिशमन्स या बँडवर मी तासभर बोलू शकतो. शिंजी सातोचा आवाज पातळ, उंच, थोडा सुटलेला, आणि खाली युझुरु काशिवाबाराचा रेगेतून आलेल्या डबचा बेस, किन-इची मोतेगीचे ड्रम, आणि झॅक नावाचा इंजिनियर, ज्याला बँडचा भागच समजायला पाहिजे. 1996 मध्ये लाँग सीझन आला, एकच गाणं, 35 मिनिटांचं. आपल्याला ख्याल ऐकायची सवय असेल तर हे गाणं आपलंच आहे, एक छोटी आकृती परत परत येते आणि दरवेळी तिच्याभोवतीचा प्रकाश बदलतो. 28 डिसेंबर 1998 ला टोकियोत आकासाका ब्लिट्झमध्ये त्यांचा कार्यक्रम झाला, काशिवाबारा बँड सोडणार होता म्हणून निरोपाचा, नाव ओतोकोताची नो वाकारे, म्हणजे पुरुषांचा निरोप. अडीच महिन्यांनी, 15 मार्च 1999 ला, सातो गेला, 33 वर्षांचा. त्या रात्रीचं रेकॉर्डिंग अल्बम म्हणून आहे आणि शेवटी लाँग सीझन चाळीसेक मिनिटं वाजतं. रात्री दिवे बंद करून एकदा ऐका, मध्ये फोन बघू नका.

नवीन लोकांबद्दल थोडक्यात, कारण ते तुम्हाला सापडतीलच. 31 ऑगस्ट 2007 ला सापोरोच्या क्रिप्टन कंपनीने हात्सुने मिकु हे आवाजाचं सॉफ्टवेअर काढलं, यामाहाच्या व्होकॅलॉइड तंत्रावर. घरात बसलेल्या पोरांना गायिका मिळाली. हाची नावाने त्यावर गाणी टाकणारा मुलगा म्हणजेच केन्शी योनेझु, योआसोबीचा आयासेही तिथूनच आला. मशीनला श्वास लागत नाही, म्हणून ती गाणी माणसाला दम लागेल इतकी वेगवान आणि उड्या मारणारी लिहिली गेली, आणि आता माणसं तशी गातात. पर्फ्यूम या तीन मुलींच्या ग्रुपचं 2007 चं पॉलिरिदम ऐका, यासुताका नाकाताचं काम आहे, मधल्या भागात चाराच्या ठेक्यावर पाचाचे आणि सहाचे तुकडे एकमेकांवर चढतात, हातावर टाळी देऊन मोजून बघा सम कुठे येते. फुजिई काझे या गायकाचा आवाज मला मनापासून आवडतो, पियानोही. त्याच्या ग्रेस या गाण्याचा व्हिडिओ उत्तराखंडात शूट झालाय.

आता ते लक्षात ठेवायला सांगितलेलं गाणं. क्योतोमध्ये रेई हाराकामी नावाचा एक माणूस राहायचा. त्याचं मुख्य वाद्य म्हणजे रोलंडचं एससी-88 प्रो, कॉम्प्युटरवर घरगुती संगीत वाजवायला लोक घ्यायचे तसलं साउंड मॉड्यूल, प्रोफेशनल लोक ज्याकडे बघतही नव्हते. त्याने त्यातूनच पाण्यात लोलक हलवावा तसा आवाज काढला, सूर उलटे फिरतात, प्रतिध्वनी वाकतो. 2005 च्या लस्ट अल्बमवर सगळं वाद्यसंगीत आहे आणि मध्येच तो स्वतः गायला लागतो, ओवारी नो किसेत्सु, होसोनोचं 1973 चं गाणं. आवाज गायकाचा नाही, साधा आहे, जवळून येतो. 2011 च्या जुलैमध्ये तो 40 व्या वर्षी गेला. आणि 2019 मध्ये होसोनोने, सत्तरी ओलांडल्यावर, होसोनो हाउस अख्खा परत केला, एकट्याने, गाण्यांचा क्रम उलटा करून, होचोनो हाउस नावाने. त्यातही हे गाणं आहे.

तर आज रात्री एवढंच करा. आधी 1973 चं ओवारी नो किसेत्सु, मग हाराकामीचं, मग 2019 चं. बेसचा आवाज पुरेल असे हेडफोन घ्या, फोनच्या स्पीकरवर नको. तिन्ही मिळून पंधरा मिनिटांच्या आत होतं. त्यातलं कुठलं जास्त जवळचं वाटलं ते कळवा, मी त्या माणसाच्या पुढची तीन नावं सांगतो.